आयर्लंडच्या सोप्या रानवाटा: आजी-आजोबा, बाबागाडी आणि व्हीलचेअरसह

"चार किलोमीटर तर चालायचंय, सोपंच असेल," हा हिशेब आयर्लंडमध्ये हमखास चुकतो. तिथे वाट सोपी की अवघड हे अंतर ठरवत नाही, पायाखालची जमीन ठरवते. कच टाकून रोलर फिरवलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर सत्तरीतलं माणूस आठ किलोमीटर गप्पा मारत जातं. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, ओल्या माळावर मात्र धडधाकट तरुणही दीड किलोमीटरात घामाघूम होतो, कारण प्रत्येक पाऊल घोट्यापर्यंत रुततं आणि ते उपसून पुढे टाकावं लागतं. म्हणून नकाशावरचा आकडा पाहण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: खाली काय आहे?

नोकरी-शिक्षणासाठी डब्लिन, कॉर्क, गॉलवेकडे आलेल्यांना आणि गावाकडून त्यांच्याकडे राहायला आलेल्या आईवडिलांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्यांनी तर तो जास्तच लक्ष देऊन वाचावा. आपल्याकडचा पाऊस कितीही झोडपला तरी उबदार असतो. तिकडची साधी रिपरिप दहा अंशांत आणि वाऱ्यासकट येते. भिजण्याची सवय तिथे कामाला येत नाही, कोरडं राहण्याची लागते.

आधी हे समजून घ्या: रान मोकळं दिसतं, पण ते कुणाचं तरी शेत असतं

आयर्लंडमध्ये कुठूनही रानात शिरून चालत सुटायचा सरसकट हक्क नाही. हिरवागार उतार, कडेला रचलेल्या दगडांचा गडगा, आत चार मेंढ्या, कुठेही पाटी नाही, तरीही ती खाजगी जमीन असते. चालण्याच्या बऱ्याच वाटा शेतकऱ्यांनी दिलेल्या परवानगीवर सुरू आहेत. पायी आणि सायकलने जायला केलेल्या पक्क्या वाटेला ग्रीनवे म्हणतात; मेयो परगण्यातला प्रसिद्ध ग्रेट वेस्टर्न ग्रीनवेसुद्धा असाच जमीनमालकांच्या संमतीने उभा राहिला. कुत्रं मोकळं सोडलं, फाटक उघडं टाकलं, गाडी शेताच्या तोंडाशी लावली, असं वारंवार झालं की परवानगी मागे घेतली जाते आणि वाट सगळ्यांसाठीच बंद होते.

नवख्याने यातून घ्यायचा अर्थ सरळ आहे. सुरुवातीला खुणा केलेल्या वाटांवरच चाला. लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय वाटांवर खांबाला पिवळा चालणारा माणूस आणि बाण असतो. निघालो तिथेच परत आणणाऱ्या गोल वाटांवर रंगीत बाण असतात: हिरवा, निळा, लाल, जांभळा. साधारणपणे हिरवी वाट सर्वांत छोटी असते, पण हे रंग डोळे झाकून सगळीकडे लावू नका. राष्ट्रीय उद्यानांची रंगपद्धत वेगळी आहे. विक्लो परगण्यातल्या ग्लेंडलॉखला पांढऱ्या बाणामागे गेलात तर स्पिंकच्या कड्यावर जाणाऱ्या सहाशेहून अधिक लाकडी पायऱ्या समोर येतात. वाटेच्या तोंडाशी मोठा फलक असतो. त्यावर लांबी, लागणारा वेळ, एकूण चढ आणि श्रेणी लिहिलेली असते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून मगच पाऊल टाका.

श्रेण्या पाच आहेत. पहिली 'मल्टी-अ‍ॅक्सेस': सपाट, गुळगुळीत, व्हीलचेअर, कुबड्या, बाबागाडी, अधू दृष्टी या सगळ्यांचा विचार करून केलेली. दुसरी 'ईझी': थोडा चढउतार, थोडी ओबडधोबड जागा, क्वचित पायऱ्या. तिसरी 'मॉडरेट', आणि नवखे नेमके इथेच फसतात. या शब्दाचं 'मध्यम' असं भाषांतर करून लोक आईला घेऊन निघतात. प्रत्यक्षात मॉडरेट वाटेवर चांगला चढ, खडबडीत भाग आणि चिखल असतो, आणि चालायची सवय गृहीत धरलेली असते. 'स्ट्रेन्युअस' आणि 'व्हेरी डिफिकल्ट' या उरलेल्या दोन श्रेण्या या लेखाच्या बाहेरच्या आहेत. पहिल्या चार-पाच खेपा पहिल्या दोन श्रेणींतच राहा.

जमीन ओळखा

सोप्या वाटांवर साधारण पाच प्रकारची जमीन भेटते आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

डांबर किंवा दाबलेली कच ही ग्रीनवेची जमीन. बऱ्याच ठिकाणी जुनी रेल्वे तिथून जायची आणि रेल्वेला तीव्र चढ चालत नसे, म्हणून हे मार्ग आपसूकच सौम्य उताराचे असतात. गुडघ्यांना यापेक्षा चांगलं काही नाही. व्हीलचेअरवाल्यांनी मात्र कच दाबलेली आहे की सुटी, हे आधी विचारून घ्यावं. सुट्या खडीत पुढची छोटी चाकं रुततात आणि ढकलणाऱ्याचे खांदे भरून येतात. अशा जागी खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर नेली तर सुटका होते. आणखी एक गोष्ट फलकावर कधीच लिहिलेली नसते: वाटेचा आडवा कल. पाणी वाहून जावं म्हणून वाट एका कडेला थोडी उतरती ठेवतात. पायी चालणाऱ्याला ते जाणवतही नाही. व्हीलचेअर मात्र सतत त्या बाजूला ओढली जाते आणि एकाच हाताला दुप्पट काम पडतं. लांबच्या उताराचा अंदाज असा: वीस मीटरमागे एक मीटर चढ बहुतेकांना झेपतो, बारा मीटरमागे एक असेल तर मदतनीस हवाच.

दुसरी जमीन कालव्याकाठची. पूर्वी घोडे या वाटेवरून नावा ओढत. ती अगदी सपाट असते, पण कुठे कच, कुठे गवत. पाण्याच्या बाजूला कठडा नसतो. लहान मुलांना आतल्या बाजूने चालवायचं आणि पाणी अडवणाऱ्या दरवाजांपाशी हात धरायचाच.

तिसरी जंगलातली गाडरस्त्यासारखी वाट. सरकारी वनकंपनी क्विल्चेच्या जंगलांत ती खूप आढळते. लाकडाचे ट्रक जावेत म्हणून रुंद केलेली, खालून पक्की, पण वर फोडलेल्या दगडाची टोकं असतात. पातळ तळव्याच्या बुटांतून ती टोचतात. तोडणी सुरू असेल तर लाल पाट्या लागतात आणि वाट वळवलेली असते. पाटी ओलांडून "एवढंच तर आहे" म्हणत पुढे जाऊ नये. रचलेले ओंडके घसरतात, अर्धवट कापलेली झाडं वाऱ्याने कोसळतात.

चौथी लाकडी फळ्यांची वाट, म्हणजे बोर्डवॉक. ओल्या पीटवरून जायचा हाच शहाणा मार्ग, पण पावसात लाकडावर शेवाळाचा पातळ थर येतो आणि तो तेलासारखा निसरडा असतो. म्हणून फळ्यांवर जाळी किंवा खडबडीत पट्ट्या ठोकलेल्या असतात. पाय त्यांच्यावरच टाका, पावलं छोटी ठेवा, आणि टाच आधी टेकवण्याऐवजी पूर्ण तळवा एकदम टेकवा. काठीचं टोक फळ्यांमधल्या फटीत अडकतं, त्यामुळे इथे काठी हातात उचलून धरलेली बरी.

पाचवी पाणंद. दोन्हीकडे काटेरी कुंपण किंवा गडगा आणि मध्ये एक गाडी जाईल एवढी वाट. आयरिशमध्ये तिला बोहरीन म्हणतात. 'बो' म्हणजे गाय, तेव्हा शब्दातच गाईंची वाट आहे. मधोमध गवताची पट्टी वाढलेली असते. मे महिन्यात दोन्ही कडांना हॉथॉर्न हे काटेरी झुडूप पांढरंशुभ्र फुललेलं, ऑगस्टच्या शेवटी ब्लॅकबेरीने लगडलेली. फार सुंदर जागा, पण तो रस्ता आहे. उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक चाला. वळणावर आतल्या बाजूला काहीच दिसत नसेल तर तेवढ्यापुरती कड बदला आणि लगेच परत उजवीकडे या. चमकदार पिवळं जॅकेट ढगाळ दुपारीही घालावं. गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तो नमस्कार आहे, हात वर करून परत द्यायचा.

वेळ आणि उजेड

धडधाकट माणूस ताशी पाच किलोमीटर आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं जास्त, असा जुना ठोकताळा आहे. मुलं किंवा वयस्क सोबत असतील तर ताशी अडीच ते तीनच धरा. फोटो, पाणी, बाकावर बसणं यासाठी एकूण वेळेत चौथा हिस्सा आणखी मिसळा. म्हणजे सहा किलोमीटरच्या सपाट वाटेला आजीसोबत अडीच ते तीन तास लागतात.

हा हिशेब उन्हाळ्यात चुकला तरी चालतो, कारण जूनमध्ये डब्लिनला रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. डिसेंबरात तो चार वाजून दहा मिनिटांच्या आसपासच जातो आणि उगवतोही पावणेनऊच्या जवळपास. वर ढग आणि भोवती झाडी असली की साडेतीनलाच वाट दिसेनाशी होते. हिवाळ्यात म्हणून 'परतीची वेळ' ठरवून निघा: घड्याळात दोन वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. डोक्याला लावायचा टॉर्च भर दुपारच्या फेरीतही पिशवीत असू द्या.

हवामानासाठी मेट एरिन या आयर्लंडच्या हवामान संस्थेचा अंदाज आदल्या रात्री आणि निघताना असा दोनदा पाहा. इशारे पिवळा, नारिंगी, लाल असे चढत जातात. पिवळा पावसाचा असेल तर ग्रीनवे चालतो, बोर्डवॉक टाळा. पिवळा वाऱ्याचा असेल तर समुद्रकड्यांवर आणि जंगलात नको. नारिंगी किंवा लाल असेल तर घरीच थांबा. जंगल टाळायचं कारण झाडांच्या मुळांत आहे. लागवडीतले सिट्का स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष उंच वाढतात, पण ओल्या जमिनीत त्यांची मुळं उथळ पसरतात, त्यामुळे ते मुळासकट उलथतात. २०२५ च्या जानेवारीत एओविन वादळात असंच झालं आणि जंगलांतल्या कितीतरी वाटा बंद झाल्या. मोठं वादळ होऊन गेल्यावर निवडलेली वाट उघडी आहे का, हे निघण्यापूर्वी तपासावंच लागतं.

अंगावर आणि पिशवीत काय

सर्वांत मोठी चूक जीन्स. एकदा भिजली की ती दिवसभर सुकत नाही, जड होते आणि पायांतली ऊब शोषून घेते. सुती बनियनचंही तेच. अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ कपडा, त्यावर फ्लीस, आणि सर्वांत वर शिवणी बंद केलेलं, टोपीचं पावसाळी जॅकेट. अशा तीन थरांत बहुतेक दिवस निघून जातात. छत्री वाऱ्यात उलटी होते. आपल्याकडचा पोंचो फडफडून डोळ्यांवर येतो आणि काठावर पाय पडून माणूस पडतं. आईवडिलांना साडी-धोतराची सवय असली तरी त्या दिवसापुरती ट्रॅकपँट आणि वरून पावसाळी पँट घालायला लावा, खाली थर्मल. हातमोजे आणि कानटोपी मे महिन्यातही लागतात.

पायात काय घालायचं ते पुन्हा जमिनीवरून ठरतं. ग्रीनवे आणि कालव्याला चांगल्या पकडीचे स्पोर्ट्स शूज पुरतात. जंगलाच्या वाटेला जाड तळव्याचे. गवत आणि पीट असेल तर घोटा झाकणारे जलरोधक बूट. नवे बूट रानात पहिल्यांदा घालू नका, आधी आठवडाभर बाजारहाटाला घालून फिरवा. मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. ओले मोजे बदलले की थकलेल्या माणसालाही हुशारी येते.

खाण्याचं घेऊनच निघा, कारण गावातलं दुकान पाच-सहा किलोमीटरवर असू शकतं आणि रविवारी बंदही. थालीपीठ, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या हे सगळं गार खाल्लं तरी चांगलं लागतं, तिथल्या गारठ्यात म्हणूनच ते सोयीचं. थर्मासमध्ये आल्याचा चहा, माणशी अर्धा ते एक लिटर पाणी, मूठभर खजूर किंवा चिक्की, आणि मधुमेह असलेल्यांसाठी साखरेच्या गोळ्या वरच्या खिशात. स्वच्छतागृह बहुधा अभ्यागत केंद्रातच असतं, वाटेवर नसतं. निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन यावं. कचरा टाकायला डबा शोधू नका, संत्र्याच्या सालीसकट सगळं परत घरी आणायचं असतं.

पहिल्या फेऱ्या कुठे

*रॉयल कालवा, मेनूथ ते किलकॉक.* गाडी नसलेल्यांसाठी हीच पहिली निवड. मेनूथ ते लाँगफर्ड परगण्यातलं क्लूनडारा असा हा १३० किलोमीटरचा ग्रीनवे २०२१ मध्ये खुला झाला. डब्लिनहून जाणारी रेल्वे बराच काळ त्याला खेटून धावते. मेनूथला उतरा, पाण्याच्या कडेकडेने सहा-सात किलोमीटर चाला आणि किलकॉकला परतीची गाडी पकडा. चढ जवळजवळ नाहीच. मध्येच थकवा आला तर उलट फिरून मेनूथलाच यायचं. किलकॉकहून गाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहा आणि तिच्या हिशेबाने चाल ठरवा. या कालव्याच्या काठाने १८४७ मध्ये, मोठ्या दुष्काळाच्या काळात, स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदारीतली १,४९० माणसं डब्लिनपर्यंत १६५ किलोमीटर चालत गेली आणि तिथून जहाजाने कॅनडाकडे. त्यांच्या स्मरणार्थ वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलांच्या बुटांचा एकेक जोड ब्राँझमध्ये ओतून बसवला आहे. बूट तळहाताएवढे, चामड्याला सुरकुत्या पडलेले. सोबतच्या मुलांना थांबवून ते दाखवा.

*ग्लेंडलॉख, विक्लो.* नावाचा अर्थच दोन तळ्यांची दरी. इथे सोप्या वाटा दोन. 'ग्रीन रोड' सुमारे तीन किलोमीटरची, जवळपास सपाट, खालच्या तळ्याच्या कडेने ओकच्या झाडीतून. 'मायनर्स रोड' सुमारे पाच किलोमीटरची, वरच्या तळ्याच्या उत्तर काठाने स्कॉट्स पाइनखालून जुन्या शिशाच्या खाणीच्या पडक्या वस्तीपर्यंत जाऊन परत. ही वाट रुंद आहे, पण टोकाला दगडगोटे वाढतात. बाबागाडी असेल तर पडझड दिसू लागली की मागे फिरा. सुरुवातीला सेंट केविनच्या मठाचे अवशेष आणि सुमारे तीस मीटर उंचीचा गोल मनोरा आहे. तिथल्या थडग्यांमधली जमीन मात्र उंचसखल आहे, काठी हवी. सुट्टीच्या दिवशी सकाळी उशीर झाला की वाहनतळ भरतो. नऊपर्यंत पोहोचा, नाहीतर डब्लिनहून थेट बस घ्या. बसच्या फेऱ्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ लिहून ठेवा.

*क्लॅरा बॉग, ऑफली.* ज्यांना एक किलोमीटरच चालता येतं त्यांच्यासाठी याहून चांगली जागा सुचवता येणार नाही. सुमारे एक किलोमीटरची बोर्डवॉकची गोल वाट, आणि ती थेट पीटच्या जिवंत माळावरून जाते. हा माळ स्फॅग्नम शेवाळाचा. ते शेवाळ स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं, खालचे थर हवेविना कुजत नाहीत, आणि वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने हजारो वर्षांत माळ वर फुगत जातो. फळ्यांच्या कडेला वाकून पाहा. शेवाळात लालसर, नखाएवढी पानं दिसतील, त्यांच्या केसांच्या टोकावर चिकट थेंब आणि एखाद्या थेंबात अडकलेलं चिलट. साताऱ्याच्या कास पठारावर ज्याला आपण दवबिंदू म्हणतो, तिचीच ही बहीण. दोन्हीकडे कारण एकच: जमिनीत नायट्रोजन फारच कमी, म्हणून रोपटं किड्यांवर पोट भरतं. फळीवरून खाली पाऊल टाकू नका. माळ घट्ट दिसतो, पण त्यात बहुतांश पाणीच असतं, आणि एका पावलाचा खड्डा भरून यायला वर्षं लागतात. व्हीलचेअर असेल तर वाऱ्याचा जोर नसलेला दिवस निवडा, कारण उघड्यावर अजिबात आडोसा नाही.

*वॉटरफर्ड ग्रीनवे.* वॉटरफर्ड शहर ते डंगारवन, ४६ किलोमीटर, २०१७ पासून खुला. पूर्ण चालायचा मोह नको. किलमॅकथॉमस गावाजवळचा जुन्या रेल्वेचा कमानीपूल पाहायला तासाभराची फेरी करा, किंवा डरोहून निघून बॅलीव्हॉयलचा चारशे मीटर लांबीचा बोगदा पाहून परत या. बोगद्यात दिवे आहेत, पण भिंती पाझरतात. दगडांवर नेचे लोंबतात, टोपी चढवून जा. सायकली भरपूर असतात. डाव्या बाजूने चाला, तिघं-चौघं हात धरून पसरू नका, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कडेच्या बाजूला ठेवा.

*कॉनेमारा राष्ट्रीय उद्यान, लेटरफ्रॅक.* इथे सोपेपणाच्या पायऱ्या एकाच जागी मिळतात. एलिस वूडची अर्ध्या किलोमीटरची झाडीतली वाट, स्रुफॉनबॉयची दीड किलोमीटरची, आणि डायमंड हिलची तीन किलोमीटरची खालची फेरी. तिन्ही अभ्यागत केंद्रापासूनच सुटतात, त्यामुळे कुटुंबातल्या कुणी कुठली घ्यायची ते ठरवून सगळे पुन्हा एकत्र भेटता येतं. ४४२ मीटरच्या माथ्यावर जाणारी वरची फेरी मात्र या यादीत नाही.

उंचावरून पाहायची हौस असेल आणि पायऱ्या चढवत नसतील तर विक्लोतलं ॲव्हनडेल आहे. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा १.४ किलोमीटरचा लाकडी मार्ग आणि ३८ मीटरचा मनोरा, जिथे व्हीलचेअर सौम्य चढाच्या वाटेने थेट वरपर्यंत जाते. तिकीट आहे.

फाटकं, गुरं आणि कुत्री

फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं. बंद होतं तर बंद करा, उघडं होतं तर उघडंच ठेवा. शेतकऱ्याने ते गुरांना पाण्यावर जाता यावं म्हणून मुद्दाम उघडलेलं असू शकतं. कुलूप असलेलं फाटक ओलांडावंच लागलं तर बिजागरीच्या बाजूने चढा. मधोमध वजन टाकलं तर ते झुकतं. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आणि एकेकालाच आत सोडणारी झुलती फाटकं ही बाबागाडीची खरी अडचण. फलकावर त्यांचा उल्लेख बहुधा नसतो, म्हणून गोल वाटेची सुरुवातीची पाचशे मीटर एकट्याने पुढे जाऊन पाहून या. बारीक तार किंवा पांढरी पट्टी पिवळ्या-काळ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवरून गेलेली दिसली की ती विजेची. धक्का जोराचा बसतो. पेसमेकर असलेल्यांनी लांब राहावं.

गाई-वासरं वाटेवर असतील तर त्यांच्या मधून जाऊ नका, मोठा वळसा घ्या. वासराशी लगट करायला गेलेल्या माणसावर शांत गायही धावते. कुत्रं सोबत असेल तर धोका दुप्पट, कारण गाय कुत्र्याला लांडगाच समजते. मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण मार्च ते मे, डोंगराकडे कुत्रं नेऊच नये. बांधलेलं असलं तरी त्याच्या वासाने गाभण मेंढी पळते आणि गर्भ जातो. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घातली तर शेतकऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. 'नो डॉग्ज' ही पाटी शब्दशः घ्या.

वाटेच्या तोंडाशी गाडी लावताना ट्रॅक्टर आणि मागची ट्रॉली वळेल एवढी जागा सोडा. फाटकासमोर पाच मिनिटंही नको. बॅगा, लॅपटॉप सीटवर दिसतील असे ठेवू नका. एकाकी वाहनतळांवर काचा फोडून चोऱ्या होतात.

गोचीड, चिलटं आणि जखम

एप्रिल ते ऑक्टोबर उंच गवतात आणि नेच्यांत गोचीड असते, हरणं असतील तिथे जास्त. पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत, मुलांच्या कानांमागे आणि केसांत बघा. सापडली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल, चुना, पेटती काडी काहीही नको. त्याने गोचीड चावलेल्या जागी उलटी करते आणि जंतू आत जातात. तीन दिवसांपासून महिनाभरात त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं, ताप आला, तर डॉक्टरला गोचिडीचं सांगून दाखवा. गोचिडीतून होणाऱ्या या लाइम आजारावर प्रतिजैविकं लवकर दिली की तो आटोक्यात राहतो.

मिज नावाची चिलटं वारा पडलेल्या दमट संध्याकाळी ढगासारखी येतात. त्यांना वारा सोसत नाही. उघड्या चढावर किंवा समुद्राच्या बाजूला सरकलात की ती सुटतात.

अपघात झाला तर ११२ किंवा ९९९. डोंगरावर असाल तर 'माउंटन रेस्क्यू', समुद्राकाठी 'कोस्ट गार्ड' असं नाव घेऊन मागा. रानात पत्ता नसतो, म्हणून परगणा, वाटेचं नाव, शेवटी दिसलेली खूण आणि मोबाइलच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगा. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी ११२ दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून लागतो. मदत येईपर्यंत जखमी माणसाला ओल्या जमिनीवरून उचलून पिशवी किंवा जॅकेटवर बसवा, कारण थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त खालून लागते. कुठे चाललो आहोत आणि किती वाजेपर्यंत फोन करू, हे घरी कुणाला तरी सांगूनच निघालेलं असावं.

परत आल्यावर बुटांवरचा चिखल ओला असतानाच ब्रशने काढा, आतले तळवे बाहेर काढा आणि बुटांत चुरगाळलेलं वर्तमानपत्र कोंबून खोलीतल्या साध्या हवेत ठेवा. दोन तासांनी कागद बदला. रेडिएटरवर ठेवलेले बूट रात्रीत कोरडे होतात खरे, पण चामड्याला भेगा पडतात आणि तळव्याचा गोंद सुटतो, आणि ते पुढच्या फेरीत भर पावसात, गाडीपासून तीन किलोमीटरवर असताना कळतं.